घड्याळाच्या ताब्यात माझे ठोके

हे घड्याळ मनगटावर चढल्यापासून माझ्या इतक्या गोष्टी गावात फिरतायत, की नाक्यावर च्या प्यायला बसलो तरी कोणतरी मलाच माझी नवीन गोष्ट ऐकवतो! म्हटलं, दुसऱ्यानं मीठमसाला लावण्यापेक्षा आपणच सांगून टाकू.

माझं डोकं तापट. डॉक्टर बोलला, प्रेशर वाढलंय, झाडावर चढू नका. पनवेलच्या पोरीनं, सुमननं, हे घड्याळ पाठवलंन. माझे ठोके तिला तिकडं मोबाईलवर दिसतात. बोलली, "बाबा, ठोके शांत राहिले तरच यंदा आंबे काढायला चढायचं. नायतर गडी चढवायचा."

माझ्या बापसानं लावलेल्या कलमावर दुसऱ्याचा पाय? बांधलं घड्याळ!

*

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या भिकाजीशी जुंपली. मेल्यानं आमच्या मधल्या गडग्याचे दगड माझ्या बाजूला सरकवलेले. मी असा ओरडलो, की माडावरचे कावळे उडाले. तेवढ्यात घड्याळ थरथरलं. भिकाजीनं वाकून वाचलंन, "शाब्बास! आजचा व्यायाम पूर्ण."

मग मला बोलतो कसा, "दादा, उद्या पण ह्याच टायमाला येऊ काय?"

*

रत्नागिरीच्या मासळी बाजारात सुरमईच्या भावावरनं माझा आवाज चढला. घड्याळ बोललं, खोल श्वास घ्या. पोरीला शब्द दिलेला! तिथंच डोळे मिटून छाती फुगवली, हळू सोडली, परत फुगवली.

मासळीवाली घाबरली. "ने रे बाबा, तुझ्या भावात ने! पण माझ्या पाटीसमोर पडू नको!"

तवापासून बाजाराला मीच जातो.

*

एकदा सकाळी घड्याळ बोललं, झोप नीट झाली नाय. मी तर मेल्यासारखा झोपलेलो! पण ते वाचलं आन लगेच अंग मोडून आलं. दुपारपर्यंत पडवीत आडवा. शेवटी बायकोला हाक मारली, "जेवायला वाढ गो!"

आतनं बोलली, "अवो, आधी घड्याळाला विचारा भूक लागलीय काय. मग वाढते."

*

शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचत होतो. घड्याळाला वाटलं, हा पडला! बरे असाल तर बटण दाबा बोलतंय. दोन्ही हात पालखीला, दाबू कशानं? लागला फोन सुमनला. तिनं घाबरून भिकाजीला लावलान. ढोलाच्या आवाजात भिकाजी बोंबलतोय, "पडले नाय गो, नाचतायत!"

तिकडनं पोर ओरडली, "मग पाडा त्यांना!"

*

आंबा काढायला आला. सुमन बोलली, "बाबा, एक दिवस तरी शांत दाखवा. लगेच चढा."

एक दिवस! माझ्यानं व्हायचं नाय, मला म्हायत. पण बायको आमची थंड पाण्यासारखी. सकाळी घड्याळ काढलं आन तिच्या हाताला बांधलं. "पोरीला बोलू नको."

"मी कशाला बोलू?" बोलली.

मी बागेत गेलो. गवत काढणाऱ्या गड्यांवर दिवसभर मनसोक्त ओरडलो, कोण विचारणारा नव्हता. दिवेलागणीला घरी आलो.

जेवायला बसलो आन सुमनचा फोन. स्पीकरवर टाकला. बायको भात वाढत होती.

"बाबा, कमाल केलीत! दिवसभर ठोके एकदम शांत. मी तुम्हाला चढा बोलणारच होते, पण…"

"आता पण काय?"

"दिवेलागणीला एकदम उसळले. असं कोण आलं होतं घरात?"