आत्या संगणकावर गेली

माझी आत्या मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती. सारी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात झाली आणि निवृत्तीनंतर ती नंदाखालला आमच्याकडं राहायला आली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सामान्य माणसांच्या आठवणी आणि लोकगीतं संगणकावर जपायला निघालेल्या एक मॅडम कॅमेरा घेऊन गावात फिरत होत्या. मी शाळेत शिकवते म्हणून कुणीतरी त्यांना आमचं घर दाखवलं.

आत्या खुशीत होती. इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ. बसल्या बसल्या तिनं सुरुवात केली, "एकदा काय झालं, डॉक्टरच भोवळ येऊन पडले. बाळ आडवं. शेवटी मीच सोडवलं..."

मॅडमनी कॅमेरा सुरूच केला नव्हता. "छान. पण आम्हाला जात्यावरची गाणी हवीत, आजी."

"आमच्याकडं पीठ गिरणीतून यायचं."

"आईकडून ऐकलेलं एखादं?"

तसं एक तिला अर्धंमुर्धं येत होतं. मॅडमचा चेहरा उजळला. शेजारून लाल लुगडं आलं, मागच्या पडवीतलं जातं ओढून आणलं, घड्याळ काढायला लावलं. जात्यात दाणा नव्हता, ते नुसतंच घरघरत होतं. "थोडं थकल्यासारखं दिसू द्या," मॅडम म्हणाल्या. आत्या एव्हाना कंटाळलीच होती, त्यामुळं ते लगेच जमलं.

काही महिन्यांनी मी तिला विरारच्या सायबर कॅफेत घेऊन गेले. फोटो वरून खाली इंचाइंचानं उमटला. त्याखाली लिहिलं होतं, 'अशिक्षित शेतकरी स्त्री, दळताना.'

आत्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "इंग्रजीतून परीक्षा दिलीय मी," ती अगदी हळू म्हणाली. रागावली की तिचा आवाज खाली जायचा.

मी तिथूनच ईमेल लिहिला. शिक्षण, नोकरी, सगळं तिनं शेजारी बसून सांगितलं. आठवड्याभरात उत्तर आलं, तेही फार आदराचं: आपल्यासारख्यांचा आवाज जपणं हेच आमचं ध्येय, चूक सुधारली आहे.

आम्ही पुन्हा जाऊन पाहिलं. 'अशिक्षित' काढून 'अल्पशिक्षित' केलं होतं.

जिना उतरल्यावर आत्यानं चष्मा डबीत ठेवला. मग म्हणाली, "अजून लिहीत राहा. दोन-चार पत्रांत मी मॅट्रिक होईन."

मी आणखी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. पुढं ते पानच उघडेनासं झालं. जपायचं राहून गेलं असावं.