व्हर्नाचा कठडा

आमच्या बेलरिजच्या बेसबॉल मैदानावर डाव्या अंगाच्या कठड्याशी व्हर्ना कुबियाक उभी असायची. पिवळं जाकीट, पायात पुरुषी बूट आणि तोंडात कायम एकच, "हात आत!" मी तिथंच भाजलेले शेंगदाणे विकतो. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

नियम साधा. चेंडू कठड्याच्या अलीकडे आला तर प्रेक्षकानं खुशाल पकडावा. पण हात मैदानावर काढून खेळाडूचा झेल हुकवला, तर पंच फलंदाजाला बाद देतात आणि हात काढणारा फाटकाबाहेर जातो. बाद देणं पंचांचं काम, बाहेर काढणं व्हर्नाचं. तिनं एकदा चर्चच्या पाद्रीबाबांनाही सोडलं नव्हतं.

त्या दिवशी अजिंक्यपदाचा सामना होता. आमच्या गावानं तो चषक कधी पाहिला नव्हता. व्हर्नाचा नवरा क्लाइड पहिल्या रांगेत, हातात जुना ग्लोव्ह चढवून बसला होता. जन्मात एकदा तरी चेंडू पकडायचा, हे त्याचं वेड.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागे आणि आमचा अखेरचा गडी खेळत होता. त्याचा चेंडू रेषेबाहेर उंच उडाला आणि आमच्या कठड्याकडं यायला लागला. पाहुण्यांचा खेळाडू धावत आला, त्यानं हात उंचावला. तेवढ्यात क्लाइड उठला. चेंडू त्याच्या ग्लोव्हला लागून मैदानात पडला.

पाहुण्यांनी एकच गिल्ला केला. जवळच्या पंचाला खेळाडूच्या पाठीआड काही दिसलं नव्हतं. तिघे पंच एकत्र येऊन कुजबुजू लागले. हात आत होता म्हणाले, तर आमचा फलंदाज पुन्हा खेळणार. बाहेर म्हणाले, तर सगळं संपलं.

मी व्हर्नाकडं पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. ग्लोव्ह चांगला वीतभर बाहेर गेला होता. तिनंही पाहिलं होतं, मीही.

"थांब," मी तिची बाही धरली. "आधी त्यांचा निकाल होऊ दे. मग काढ त्याला."

"का थांबू, गस?"

"अगं, आत्ता उठवलंस तर पंच बघतील ना! गाव सोडेल का तुला?"

"दुसऱ्या कुणाला काढताना थांबले होते का मी?"

तिनं बाही सोडवून घेतली. ती सरळ क्लाइडपुढं जाऊन उभी राहिली.

"व्हर्ना, नको ना," क्लाइड हळूच म्हणाला. "एक मिनिट थांब."

"हात बाहेर होता, क्लाइड. ऊठ."

तो उठला. दोघं पायऱ्या चढत असताना मधल्या पंचानं मान वळवून पाहिलं. मग त्यानं मूठ वर केली. बाद.

लोकांनी तिच्यावर शिव्यांचा आणि कागदी पेल्यांचा वर्षाव केला. हिवाळाभर दुकानात तिच्याशी कुणी बोललं नाही. मीही नाही. मी आजही म्हणतो, बाईनं एक मिनिट थांबायला हवं होतं.

वसंतात पहिल्याच सामन्याला व्हर्ना कठड्याशी हजर. तिला बघून पोरं टवाळीनं ओरडली, "हात आत!" क्लाइडही आला, त्याच जागेवर बसला. ग्लोव्ह आणला नव्हता. हात मांडीखाली दाबून तो सामना बघत होता.

मध्येच एक चेंडू कठड्यावरून उडून आत आला, बाकावर आपटला आणि घरंगळत त्याच्या बुटापाशी थांबला. शेजारचे झेपावले, पण त्यानं त्यांना कोपरानं अडवलं. हात मात्र मांडीखालून काढले नाहीत. त्यानं व्हर्नाकडं पाहिलं.

"घेऊ?"

व्हर्नाचे डोळे भरून आले.

"घे की रे," ती म्हणाली. "आत आलाय."