माणूस निघालाय

नोकरी सोडली तरी ताईंचा कान अजून कामावरच होता. शेजारच्या घरात फोन वाजला की हातातलं भांडं तसंच टाकून त्या ताडकन उभ्या राहायच्या. दुपारभर नुसत्या येरझाऱ्या. पुसलेलं कपाट पुन्हा पुसून झालं, पडदे उतरवून परत लावून झाले.

"अगं, टेक ना घटकाभर," सासूबाई कावून म्हणाल्या. "तुला बघून मलाच धाप लागते."

ताई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोनवर होत्या. शहरात कुठेही कोणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं बटण दाबून रडायचं ते ताईंच्याच कानात. आत लाइट आहे का विचारायचं, दार ओढू नका म्हणून बजावायचं आणि शेवटी कंपनीने घोटवून घेतलेलं वाक्य म्हणायचं, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस कुठला निघायला! तो बिचारा दुसऱ्याच इमारतीच्या गच्चीवर कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असायचा. पण वाक्य ऐकून लोक गप्प व्हायचे आणि साहेबांना तेवढंच हवं असायचं. दिवसभर थापा मारून ताईंची झोप उडाली होती, जेवण गोड लागत नव्हतं. "सोडून दे," नवरा म्हणायचा. पण दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडायची नाही, यावर ताई अडून बसल्या होत्या.

मग एका संध्याकाळी पोहण्याच्या तलावाचा पंप बिघडला आणि लेकीचा क्लास लवकर सुटला. कामाच्या वेळी आईचा मोबाइल कुलपात, म्हणून पोरीने राखणदाराच्या खोलीतून सरळ ऑफिसला फोन लावला. तिकडे ताईंच्या दुसऱ्या लाइनवर एक आजोबा लिफ्टमध्ये घामाघूम झालेले. "मी एकटीच आहे इथे, कोणी आलंच नाही," एवढंच ताईंच्या कानावर पडलं.

"आत लाइट आहे ना? दार ओढू नकोस हं. घाबरू नकोस, माणूस निघालाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पोटची पोर, पण आवाज ओळखला नाही.

पोरीला वाटलं, बाबा निघाले. ओल्या केसांनी ती गेटपाशी उभी राहिली, पार अंधार पडेपर्यंत. शेवटी राखणदाराने तिला घरी आणून सोडलं.

"पुन्हा फोन नाही का करायचा, बाळा?" ताईंनी विचारलं.

"का? तू म्हणालीस ना, निघालाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला. पुढची सोय काहीच नव्हती. नवऱ्याने पोरीला आपला जुना मोबाइल दिला, पण त्यावरून आईला एकही फोन आला नाही. "येईन मी माझी," म्हणायची आणि एकटीच चालत यायची. नोकरी गेल्याचं एक वेळ सोसलं असतं, हे सोसवत नव्हतं.

आज साहेबांचाच फोन आला. "ताई, झालं गेलं विसरा. तुमच्यासारखा धीर कुणाला देता येत नाही हो. उद्यापासून या."

ताईंची चलबिचल झाली. बसून बसून डोकं फिरायची पाळी आली होती, आणि ते काम निदान येत तरी होतं. "थोड्या वेळाने कळवते," त्या म्हणाल्या.

फोन ठेवतात तोच पुन्हा वाजला. लेक!

"आई, पंप परत बिघडलाय. क्लास सुटला."

"निघालेच!" ताई म्हणून मोकळ्या झाल्या.

पलीकडून हळूच प्रश्न आला, "कुठपर्यंत आलीस?"

ताईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं, कोपऱ्यावर, दुकानापाशी, काहीही. इतक्यात साहेबांचा फोन मध्येच टुकटुक करायला लागला. ताईंनी तो कापला.

"खोटं बोलले गं," त्या म्हणाल्या. "अजून घरातच आहे. एक चप्पल सापडत नाहीये."

सासूबाई पलंगाखाली वाकून बघायला लागल्या.

"सापडली की ये," पोर म्हणाली. "मी थांबते."