पडद्यावर माझा डोळा होता

"डोळा आणि कोटा, दोन्ही वारशानंच मिळालेत हिला."

सर माईकवर म्हणाले. सभागृह हसलं.

माझी हनुवटी तेव्हा तपासणीच्या यंत्रावर टेकवलेली होती. कपाळ पट्टीला चिकटवलेलं. समोर बसलेले डॉक्टर भिंग धरून माझ्या उजव्या डोळ्यात झगझगीत उजेड सोडत होते. मागच्या पडद्यावर माझा डोळा आतून दिसत होता, भिंतीएवढा. हलायचं नाही, पापणी मिटायची नाही, असं बजावलेलं. हसणारी माणसं मला दिसत नव्हती. ऐकू मात्र सगळी येत होती.

कोल्हापुरात, आमच्याच विद्यापीठात, दृष्टी आणि नेत्रविज्ञानावरचं चर्चासत्र होतं. बाहेरगावचे प्राध्यापक आलेले, डोळ्यांचे डॉक्टर आलेले. मी त्याच विभागात पीएचडी करते. सर माझे गाईड. मला स्वतःला डोळ्यांचा आजार आहे. अंधार पडला की काही दिसत नाही. दिवसाही नळीतून बघितल्यासारखं, समोरचं तेवढंच दिसतं. हाच आजार अप्पांना, माझ्या वडिलांना. त्यांची नजर आता पूर्ण गेलीय. माझं संशोधनही याच आजारावर. शिरोळ तालुक्यातल्या गावांत हिंडून मी असा आजार असलेल्या घरांना भेटते.

चर्चासत्राआधी सर म्हणाले होते, "तुलाही स्टेजवर यायचंय. तयारीत राहा."

मला वाटलं, बोलायचंय. भाषण तयार केलं. मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. होस्टेलच्या खोलीत मैत्रिणीला समोर बसवून म्हणून दाखवलं. घरी कुरुंदवाडला फोन केला. अप्पा म्हणाले, "मी येणार. दिसत न्हाय म्हणून काय झालं, ऐकू येतंय की!" आई त्यांना एसटीनं घेऊन आली. दोघं मागच्या रांगेत बसले. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

स्टेजवर जायच्या आधी माझ्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलं. मी म्हणाले, "सर, यानं मला जवळचं दिसणार नाही. मी वाचू कशी?"

"वाचायचं कुठंय? तू नुसतं बसायचंस. बोलणार मी."

मी बसले.

का बसले, हे लोक विचारतात. माझ्या प्रत्येक कागदावर सरांची सही लागते. "हिला स्वतःलाच दिसत नाही, ही डोळ्यांवर काय संशोधन करणार?" असं सगळे म्हणत होते तेव्हा सरांनी मला घेतलं. हे त्यांनी मला विसरू दिलं नाही. पाहुणे आले की त्यांच्यासमोर सांगायचे. मी मान खाली घालून ऐकायची. उपकाराखाली माणूस असा दबतो, की आपण दबलोय हेच त्याला कळत नाही. मला वाटायचं, मी नम्र आहे.

तर मी बसले. आणि सर इंग्रजीत बोलायला लागले.

हा आजार नात्यातल्या लग्नातून येतो, हिच्या बापानं मामाची मुलगी केली, म्हणाले. या समाजात असंच चालतं, म्हणाले. मामाची पोरगी आमच्या भागात सगळ्याच जातीत करतात. सर याच भागातले. त्यांना ठाऊक नाही असं नाही. पण पडद्यावर डोळा मातंगाच्या पोरीचा होता.

मग त्यांनी बँडची गोष्ट काढली. ती मी त्यांना प्रयोगशाळेत एकदा विश्वासानं सांगितली होती. अप्पा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात रात्रीची. अप्पांना काही दिसायचं नाही. पुढच्या ढोलाच्या आवाजावर ते पाय टाकायचे. एकदा वरात वळली आणि त्याच वेळी ढोल थांबला. अप्पा वाजवत वाजवत सरळ गेले आणि गटारात पडले.

सरांनी गोष्ट गटारापर्यंतच सांगितली. लोक हसले. त्या गटारात अप्पांचे पुढचे दात गेले, वाजवणं कायमचं बंद झालं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांना माहीत होतं.

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "तरीही पीएचडीला निवड झाली? मेरिटवर?"

त्यावर सरांचं ते उत्तर. डोळा आणि कोटा. तेवढं वाक्य त्यांनी मुद्दाम मराठीत टाकलं.

हसणं ओसरत होतं तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. आंधळ्या माणसाला आपला आवाज किती लांब जातोय याचा अंदाज राहत नाही. अप्पा आईला विचारत होते, "बँड म्हणाले न्हवं? का हसालीत गं लोकं?"

"गप बसा," आई म्हणाली.

"आणि पोरगी कवा बोलणार?"



मी हनुवटी उचलली.

"हलू नका, हलू नका," डॉक्टर म्हणाले.

"बंद करा ते."

सरांनी माईकवर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "बस खाली. डावा डोळा राहिलाय अजून."

"उजवा दाखवायच्या आधी तरी मला विचारलंत का?"

माझ्याकडे माईक नव्हता. मी ओरडून बोलले. घरी बोलतो तसं. "मी हितं पेशंट म्हणून आलेली न्हाय. मी ह्याच विभागात संशोधन करते. आणि गटारात पडलेला तो माणूस माझा बाप हाय. मागं बसलाय. त्याचे दात गेलेत त्यात. आता हसा की!"

कोणी हसलं नाही. कोणी उठलंही नाही.

मला पायऱ्या दिसेनात. औषधानं सगळं पांढरं झालेलं. "अरे, धरा तिला," कोणीतरी म्हणालं. धरलं कुणीच नाही. मी स्टेजच्या कडेला खाली बसले आणि हातांनी चाचपत, एकेक पायरी बसूनच उतरले. एवढ्या लोकांसमोर. आई धावत आली.

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "बोललीस की." मग म्हणाले, "आता तुला हितं टिकू देतील व्हय?"



पुढं विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. सर तिथं बसलेले, म्हणाले, "लेखी माफी माग, विषय संपवू. नाहीतर दुसरा गाईड बघ." या विषयाला विभागात दुसरा गाईड नाही, हे तिघांनाही माहीत होतं. विभागप्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, शिकताना थोडं सोसावं लागतं."

मी नाही म्हणाले. विद्यापीठाकडे तक्रार दिली. चौकशी चालू आहे म्हणतात. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. माझं टेबल स्टोअररूमच्या बोळात ठेवलंय. तिथं दुपार कलली की मला अक्षर लागत नाही. कालपर्यंत बरोबर चहा पिणारे विद्यार्थी बोळातून माझ्याकडे न बघता जातात. त्यांच्याही कागदांवर कोणाची तरी सही लागते. मी तक्रार मागं घेतली, की उद्या सगळं पूर्वीसारखं होईल. पूर्वीसारखं म्हणजे काय, ते आता मला माहीत आहे.

म्हणून मागं घेणार नाही. माफी मागणार नाही. टेबल आणखी कुठं सरकवलं तर तिथं बसेन. गाईड या विद्यापीठात मिळाला नाही तर दुसऱ्या विद्यापीठाचं दार वाजवेन, पण प्रबंध याच आजारावर लिहीन. ज्यांचे डोळे त्यात येतील त्यांना आधी विचारेन. ते नको म्हणाले तर दारातून परत फिरेन.

माझी नजर आणखी किती टिकेल, कोणी सांगू शकत नाही. लिहून व्हायच्या आत गेली, तर आंधळी होऊन लिहीन.