मावशीचा अंगठा

आमच्या दहिवलीच्या घरात चोरी झाली आणि सासूबाईंनी पहिलं काम काय केलं? पोलीस येणार म्हणून घर लख्ख पुसून काढलं. कपाट, कड्या, खिडकीची चौकट, काही सोडलं नाही. "परकी माणसं येणार, धुळीत बसवायची का?" मी कपाळावर हात मारून घेतला. ठसे घेणाऱ्या माणसाला शेवटी दागिन्यांच्या डब्यावर एकच अंगठा सापडला.

"घरात बाहेरचं कोण येतं?" फौजदारांनी विचारलं. सासूबाई बोलून गेल्या, "वाडीवरची मावशी येते."

झालं! माझं डोकंच फिरलं. माझ्या लेकीला जन्मल्यापासून तेल लावून न्हाऊ घालते ती हीच मावशी. तिच्या मांडीवर पोर कशी निवांत पसरते! या बाईला आता आम्ही गमावणार!

फौजदारांनी बोलावलं तेव्हा पोलीस ठाण्यात मावशी दोन्ही हात पदरात लपवून बसली. "अंगठा नाय देनार. बापानं एकदा दिलता सावकाराच्या कागदावर. त्या जागेवर आता फार्महाऊस हाय."

मी फौजदारांना विचारलं, "नाहीच म्हणाली तर?"

"अटक केलेली नाही ताई, बळजबरी करता येत नाही. कोर्टाचा हुकूम आणावा लागेल. पण मग लोक तिलाच चोर ठरवतील, तुम्हीच बघा."

माणूस खरं बोलत होता, म्हणून जास्तच राग आला. "मग आधी आमचे घ्या," मी म्हणाले. "त्या डब्याला आमचे हात काय कमी लागलेत?" मी दहाही बोटं काळी करून घेतली. सासूबाईंनीही हात पुढे केला. मावशीनं मानेनं कागदाकडे खूण केली.

"कागदावर काय लिवलंय, वाच गं."

मी मोठ्यानं वाचलं. जमिनीबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. तेव्हा कुठे तिनं अंगठा दिला.

डब्यावरचा ठसा निघाला सासूबाईंचाच! पुसताना झाकण धरलं होतं ना. मावशी मात्र यायची थांबली. मी वाडीवर गेले तर म्हणाली, "माजा कागद फाडाय सांग." तिला घेऊन ठाण्यात गेले, भांडलेच म्हणा ना. फौजदारांनी तिच्यादेखत कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात उभी. सासूबाई रडत पुढे झाल्या, "चुकले गं मी, मला..."

मावशीनं त्यांना बोलूच दिलं नाही. पदर खोचत म्हणाली, "पोर कुटं हाय?"