धरमपेठेतला आशिया

माझ्या बायकोच्या मोठ्या मामांइतकं आशिया खंडावर दुसऱ्या कोणी प्रेम केलं असेल असं मला वाटत नाही, आणि आशिया खंडाने इतक्या चिकाटीने दुसऱ्या कोणाची निराशाही केली नसेल. मामा सर्वे खात्यात होते. सगळी नोकरी कुमाऊँ, सिक्कीम, आसाम आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जमीन मोजण्यात गेली. इतर लोक तिकडून शाली आणतात. मामा पत्र्याच्या ट्रंकेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून रोपं आणत. निवृत्त झाल्यावर नागपुरात धरमपेठेतल्या घरामागे त्यांनी बाग केली. झाड आशियातलं हवं आणि ते रानातून स्वतः उचलून आणलेलं हवं, एवढाच तिचा नियम. नर्सरीतल्या झाडांना ते ‘पाळीव’ म्हणत. शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेलं गुलाबाचं कलम त्यांनी आभार मानून कुंपणाबाहेर लावलं. मामींची तुळससुद्धा पुढच्या अंगणात होती, कारण ती मूळ कोणत्या डोंगरावरची याची नोंद मामींच्या माहेरी कोणी ठेवली नव्हती.

अडचण होती ती फक्त नागपूरची. बर्फाच्या शेजारी वाढलेल्या झाडांना आमचा मे महिना कोणत्या तोंडाने दाखवायचा? पण मामांनी हार मानली नाही. सगळ्या नागपुरात कूलर खिडकीला बाहेरून लावतात आणि वारा आत घेतात. मामांचा कूलर आतून लावलेला होता. वाळ्याचा गार वारा बाहेर सिक्कीमच्या झाडांवर जाई आणि मामी आत ताडाच्या पंख्याने वारा घेत बसत. “मलाही एकदा सिक्कीमला नेऊन परत आणा,” त्या म्हणत, “म्हणजे माझीही सोय होईल.” एवढं करूनही झाडं मरत. पाट्या मात्र मरत नसत. प्रत्येक झाडापुढे मामांनी रंगवलेली पत्र्याची पाटी असे: लॅटिन नाव, जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची. बाग पाहायला आलेल्या माणसाला हलक्या आवाजात बोलावं लागे, कारण तो बहुतेक वेळ कोरड्या मातीपुढे उभा असे. जिवंत झाडापुढे मामा दोन मिनिटं थांबत, मेलेल्यापुढे दहा. मी ती बाग निदान वीस वेळा पाहिली असेन आणि त्यात झाडं मोजून सात-आठ पाहिली असतील.

एका वर्षी मात्र चमत्कार झाला. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून आणलेलं, कित्येक वर्षं पुडीत पडलेलं बी मामांनी एका कुंडीत पेरलं होतं. जुलैत त्या कुंडीतून कोंब वर आला आणि ऑगस्टात त्याला नखाएवढी निळी फुलं आली. मामा दहा वर्षांनी तरुण झाले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनलासुद्धा, ते फूल दाखवण्यात आलं. बागेला पाणी घालायला भिवापूरकडच्या सुभद्राबाई येत. मामांचं व्याख्यान चाललं की त्या झारी धरून गंभीर चेहऱ्याने ऐकत उभ्या राहत.

इथे मी एक आगाऊपणा केला. आमच्या कॉलेजात व्याख्यानाला पुण्याहून वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक आले होते. मामांच्या आयुष्यात एकदा तरी जाणकार माणूस बाग पाहायला यावा, म्हणून मी त्यांना धरमपेठेत घेऊन गेलो. मामा कोट घालून फाटकात उभे होते. प्राध्यापकांनी सगळ्या पाट्या अदबीने वाचल्या. मग ते त्या कुंडीपुढे वाकले आणि म्हणाले, “हा केना आहे.”

“कोण?” मामांनी विचारलं.

“केना. पावसाळ्यात कुठेही उगवतो. तुमच्या फाटकाबाहेरच्या नालीवरही आहे.”

मामा फाटकाबाहेर गेले, नालीपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले आणि परत आले. प्राध्यापकांकडे न बघता त्यांनी सुभद्राबाईंना विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं ना, साहेब. आमी त याची भाजी खातो.”

“मग सांगितलं काहून नाही?” मामांच्या तोंडून नागपुरी ‘काहून’ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बाई झारीकडे बघत म्हणाल्या, “तुमी रोज इतके खुश होऊन राहिले होते. मनलं, कायले सांगावं.”

पंधरा दिवस मला तिकडे जायचं तोंड नव्हतं. शेवटी गेलो, तेव्हा मामा त्या कुंडीपुढे बसून नवी पाटी रंगवत होते. केना. नागपूर, नालीकाठ. उंची एक हजार फूट. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, “नियमात बसतं. रानातलं आहे, नागपूर आशियात आहे, आणि मुख्य म्हणजे जिवंत आहे.”

त्यानंतर मामांच्या मोहिमा पुन्हा सुरू झाल्या. ट्रंक घेऊन ते एसटीने कळमेश्वरला जात आणि बांधांवरून, नाल्यांवरून तरोटा, कुंजर, आघाडा असली झाडं सिक्कीमच्याच गांभीर्याने उचलून आणत. नाव सुभद्राबाईंनी सांगायचं, मामांनी लिहायचं. बाग हिरवी झाली आणि कूलर मामींना मिळाला.

पुढे मामांचं विसरणं वाढलं. आधी लॅटिन गेलं, मग गावांची नावं गेली. शेवटचा मी गेलो तेव्हा पाटीवरची अक्षरंही त्यांना लागत नव्हती. ते प्रत्येक झाडापुढे थांबत आणि बाईंकडे बघत. बाई हळूच नाव सांगत आणि मामा ते स्वतःलाच आठवल्यासारखं मोठ्याने मला सांगत. अर्धी बाग अशीच पाहून झाली. मग ते माझ्यापुढे थांबले, निरखून पाहिलं आणि बाईंना विचारलं, “आणि हे?”

“हे तुमचे भाचजवाई व्हय, साहेब.”

“कुठून आणले?”

“इथलेच व्हय,” त्या म्हणाल्या, “नागपूरचे.”

मामांनी समाधानाने मान हलवली. “मग टिकतील,” ते म्हणाले आणि पुढच्या कुंडीकडे वळले.