चौकोनातली आई

चिखलोलीला ज्या ताईंकडे मी स्वयंपाक करते, त्या घरी बसून हवामानाचं काम करतात. संगणकात पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात. ऊन, पाऊस, माती, नद्या घातल्या की पुढे हवा कशी राहील ते दिसतं. मी सातवीत शाळा सोडलेली. तरी मी कणीक मळत असताना त्या समजावून सांगतात, कंटाळत नाहीत. एवढ्या लांब येऊन असं माणूस भेटलं, माझं नशीबच म्हणायचं.

"पूर्वी यात माणसं नव्हतीच," एकदा म्हणाल्या.

"मग पाणी पीत कोण होतं?"

त्या खूप हसल्या. तेच तर त्यांचं काम. बोअर, धरणं, कारखाने, उसाची शेतं, माणूस जिथून जिथून पाणी उचलतो ते सगळं त्यात घालायचं.

मी मराठवाड्यातला आमचा चौकोन दाखवायला सांगितलं. माणसं घातली तशी, उसाला पाजलेल्या पाण्याने, शेतांवरची हवा जरा गार झाली. मला बरं वाटलं. मग त्यांनी जमिनीखालचं पाणी दाखवलं. वर्षं पुढे सरकली तसा पाण्याचा निळा रंग पार उतरत गेला. गावात आई एकटी.

"आणू का तिला इकडे?"

"अगं, या चौकोनात अख्खे तालुके बसलेत. तुझ्या आईच्या विहिरीचं यातून नाही गं सांगता येत."

इकडे ये म्हटलं तर फोनवर आईने विचारलं, "तुझ्या बाईच्या यंत्रात मी हाय का?"

"सगळे मिळून आहेत."

"मंग मला एकटीलाच कशाला हलवती?"

तरी उन्हाळ्याआधी आणलंच तिला, उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या माझ्या खोलीत.

आमच्याकडे शुक्रवारी पाणी बंद. म्हणून गुरुवारीच अख्खी गल्ली पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवते. शनिवारी नळ आला की उरलेलं शिळं म्हणून गटारात. मीही इथे तेच शिकले. त्या शनिवारी शेजारची सिंधी काकी दारातून ओरडली, "बासी पानी फेंक दे बेटा, नल आ गया!" मी पिंप कलतं केलं. आई उंबऱ्यात बसून गल्लीभर वाहणारं पाणी बघत राहिली.

ताईंना विचारलं, हे ओतलेलं पाणी तुमच्या संगणकात कशात धरतात?

"वापरलेल्यात," त्या म्हणाल्या.

आता आईने कोपऱ्यात स्वतःची वेगळी घागर केलीय. शनिवारी उरलेलं तिच्यात भरते आणि तेच पिते. म्हणते, "ताजं तू पी."

परवा गावाकडून शेजारणीचा फोन आला. विहिरीला अजून पाणी आहे म्हणाली. आईने घागर पुसून पालथी घातली.

"मला सोडून ये," म्हणाली.

मी अजून हो म्हटलेलं नाही. तो उतरलेला रंग डोळ्यांपुढून जात नाही.